हॉटेल पुढे गेलंय

बर्मिंगहॅम विमानतळावर अरायव्हल्सच्या दाराशी, दुसऱ्यांची नावं छातीशी धरून उभं राहण्यात माझं कामाचं आयुष्य गेलं. दार उघडतं, माणसं बाहेर येतात, आधी पाटी वाचतात आणि मग पाटीमागचा चेहरा बघतात. माझा चेहरा बघून बरेच जण पुन्हा पाटी बघायचे. कपाळावर टिकली, अंगात हिवाळ्याचा जाड कोट आणि हातात 'मिस्टर हेंडरसन' अशी पाटी, हा मेळ त्यांना चटकन लागत नसे. एका गृहस्थाने मला नमस्कार करून "ड्रायव्हर कुठे आहे?" असं विचारलं होतं. "मीच," म्हटल्यावर तो इतका ओशाळला की त्याने स्वतःच्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि माझी पर्ससुद्धा उचलायला निघाला.

गेल्या वर्षी मी गाडी चालवणं थांबवलं आणि ड्रायव्हरचा बॅज कौन्सिलला परत केला. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मागे लागली आहे. मुलगी इथेच जन्मलेली, पण हौशी. फोनवर म्हणाली, "मावशी, तुमचा गाडीचा गोष्ट लिहा ना." व्याकरण सोडून दिलं आणि हो म्हटलं.

आधी धंद्याबद्दल थोडं. माझी गाडी म्हणजे टॅक्सी नव्हे. काळी टॅक्सी रस्त्यावर हात दाखवला की थांबते. आम्ही प्रायव्हेट हायरवाले. आधी बुकिंग केलेलं असेल तरच माणूस घ्यायचा. भर पावसात कोणी हात करत उभं असलं तरी त्याच्याकडे न बघता पुढे जायचं. सुरुवातीला मला हे फार जड जायचं. मी इचलकरंजीची. आमच्याकडे रस्त्यात कोणी दिसलं की तोंडून आपोआप 'बसा की' निघतं. इथे त्या दोन शब्दांपायी लायसन्स जातं.

माझं काम मुख्यतः विमानतळ ते कालव्याकाठची हॉटेलं. बर्मिंगहॅममध्ये व्हेनिसपेक्षा जास्त कालवे आहेत असं इथला प्रत्येक माणूस ओळख होताच सांगतो. ते कोणी मोजलेत मला माहीत नाही. पण या एका वाक्यामुळे माझ्या गाडीत काय काय माणसं बसली! हॉटेलवाले फोटो काढतात ते पाण्याच्या बाजूने. हॉटेलाचं दार असतं रस्त्याच्या बाजूला, बहुतेक कचऱ्याच्या डब्यांशेजारी. गाडी तिथे थांबवली की लोक उतरायलाच तयार नसत. केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या मुलाला भेटायला आलेल्या एका बाईंनी तर विमानतळावरच विचारलं होतं, "गाडी कशाला? होडी कुठून सुटते?" आणखी एक गृहस्थ आठवतात. त्यांचं हॉटेल शोधत मी सगळा ब्रॉड स्ट्रीट पालथा घातला. शेवटी त्यांचा फोन हातात घेऊन पत्ता बघितला. हॉटेल बर्मिंगहॅमलाच होतं, पण अमेरिकेतल्या, अलाबामातल्या. मी ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अजून किती वेळ लागेल?"

पण मला सांगायची आहे ती माने पतिपत्नींची गोष्ट.

सप्टेंबर महिना होता, दुपारची वेळ. मुंबईहून निघालेलं आणि मध्ये कुठेतरी अडकून पडलेलं विमान बरंच उशिरा उतरलं होतं. ऑफिसने पाठवलेलं नाव होतं 'व्ही. साळुंखे', दोन माणसं, गॅस स्ट्रीट बेसिन. शहराच्या मधोमध जिथे जुने कालवे एकत्र येतात ती ही जागा. मी पाटी धरून उभी होते. समोरून एक आजोबा ट्रॉली ढकलत आले. अंगात सफारी, गळ्यात मफलर, ताठ चाल. त्यांनी पाटी वाचली आणि सरळ पुढे निघून गेले. मागून येणाऱ्या काकू मात्र पाटीजवळ थांबल्या.

"अहो, हीच आपली गाडी," काकूंनी हाक दिली.

आजोबा वळले. "आपण साळुंखे कधीपासून झालो?"

"कंपनीची काहीतरी चूक झाली असेल."

"साळुंखे तुझं माहेर आहे. कंपनीला तुझं माहेर कसं माहीत?"

काकू माझा दंड धरून म्हणाल्या, "मला जरा वॉशरूम दाखव बाई," आणि मला घेऊन निघाल्यासुद्धा. हात धुण्याच्या नळांपाशी त्यांनी मला सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला इतकं कोणी सांगत नाही. पण मी कोल्हापूरकडची निघाले, आणि त्यांच्याकडे वेळ कमी होता.

माने सांगलीचे. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात इंजिनियर, कालवे बांधण्यात हयात गेलेली. एकुलती मुलगी ऋता. ती इकडे मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या नोकरीवर होती. काही वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली आणि एका मैत्रिणीबरोबर लांबलचक नाव विकत घेतली. कालव्यावरचं हॉटेल सुरू केलं. नावेतच पाहुण्यांच्या खोल्या, नावेतच जेवण, आणि राहायचंही नावेतच. माने काकांनी हे फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "मी कालवे बांधले ते उसाला पाणी जावं म्हणून. माझ्या मुलीने त्यात राहावं म्हणून नव्हे." तिने फोन ठेवला. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. काकू स्वयंपाकघरात जाऊन, कुकर लावून, शिट्यांच्या आडून तिच्याशी बोलत.

"आता यांना मी म्हटलं, इंग्लंडची सहल करू," काकू म्हणाल्या. "भाचीकडून तिच्याच हॉटेलात बुकिंग केलं, माहेरच्या नावाने. यांना वाटतंय साधं हॉटेल आहे. ऋतालाही माहीत नाही. बुकिंग तिची मैत्रीण बघते."

"आणि समोरासमोर आल्यावर?"

"समोर आल्यावर काय करतील? नावेतून उडी मारतील?"

मला ही शक्यता अगदीच नाकारता येईना.

गाडीत बसल्यावर मी हॉटेलचा नंबर लावला. गाडीत फोन स्पीकरवर असायचा. मैत्रिणीने उचलला. ग्वेन तिचं नाव, मूळची कार्डिफची, आधी तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती, हे मला नंतर कळलं. बोलणं गाणं म्हटल्यासारखं. "ओह लव्ह, आम्ही खूप वाट पाहिली. पण बाकीचे पाहुणे आले आहेत आणि मुक्कामाला अंधाराआधी पोचायला हवं. आत्ताच निघालो. तुम्ही सेली ओकला या, आम्ही कडेला घेतो."

फोन बंद झाला.

"कोण निघालं?" काकांनी विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हॉटेल निघालं, काका. हॉटेल पुढे गेलंय."

"हॉटेल कसं पुढे जाईल?"

"ते नावेवर आहे. कालव्यातून चाललंय."

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. मग काकूंकडे बघितलं. काकू सीटचा पट्टा घट्ट बसलाय की नाही ते तपासत होत्या.

"कुठवर जातं ते?"

"वूस्टरपर्यंत जातं म्हणे. आठवडाभर."

"आणि वेग काय त्याचा?"

"माणूस चालतो तेवढाच."

"आणि आपली गाडी केवढ्याने चालली आहे?"

मी सांगितलं.

"मग काळजीचं कारण नाही," काका म्हणाले आणि मफलर सैल केला.

हिशेब बरोबर होता. पण या शहरात कालवे आधी झाले आणि रस्ते नंतर, आणि दोघांचं एकमेकांशी कधीच पटलेलं नाही. रस्ता कालव्याला ओलांडतो, खालून जातो, वरून जातो, सोबत मात्र करत नाही. त्यात वन-वे, बस लेन, खोदकाम. नाव एका संथ सरळ रेषेत चाललेली आणि आम्ही तिच्याभोवती माशीसारखे घिरट्या घालत होतो. सबंध करिअरमध्ये मी विमानं गाठून दिली, लग्नं गाठून दिली, एकदा तर एका बाईला प्रसूतीच्या खोलीपर्यंत वेळेत नेलं. पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाणारं हॉटेल मात्र मला गाठता येईना.

ब्रिस्टल रोडने सेली ओकच्या जवळ आलो. तिथे एक नवा रस्ता कालव्याच्या खालून जातो. म्हणजे रस्त्यावर पूल आहे आणि त्या पुलावरून पाणी जातं. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "गाडी थांबवा."

"काका, इथे थांबता येत नाही. आणि हॉटेल..."

"ताई, हा जलसेतू आहे. रस्त्यावरून कालवा नेलाय. थांबवा."

खात्यात अनेकांनी ऐकलेला तो आवाज असणार. मी पलीकडच्या शॉपिंग पार्कात गाडी लावली. काका उतरले, पुलाखालच्या फुटपाथवर गेले आणि मान वर करून उभे राहिले. मग भिंतीला हात लावून ओल आहे का बघितलं. मग दुसऱ्या बाजूची भिंत. मी घड्याळ बघत होते, काकू जपमाळ ओढावी तशा पर्सची चेन ओढत होत्या. डोक्यावर कुठेतरी त्यांची मुलगी चालली असेल, हे आम्हा दोघींनाच माहीत आहे असं मला वाटत होतं.

"अहो, चला," काकू म्हणाल्या.

"थांब गं. गळती कुठे आहे बघतोय."

"आहे का?"

"नाही. तेच तर बघतोय."

गाडीत परत येईपर्यंत ग्वेनचा फोन. "लव्ह, आम्ही सेली ओकला कडेला घेतलं होतं. तुम्ही दिसला नाहीत. मागून दुसरी नाव आली, जागा सोडावी लागली. स्किपर म्हणते किंग्ज नॉर्टनच्या पुलावर या."

"स्किपर म्हणजे?" काकांनी विचारलं.

"नाव चालवणारा," मी म्हटलं.

"ती 'शी' म्हणाली. चालवणारी आहे."

"इकडे बायकापण चालवतात," काकू घाईने म्हणाल्या. "या ताई नाही का चालवत?"

बोर्नव्हिलच्या चॉकलेट कारखान्यावरून जाताना हवेत चॉकलेटचा वास होता. कोणीच काच खाली केली नाही. एरवी माझ्या गाडीतला प्रत्येक प्रवासी तिथे ती खाली करायचा.

किंग्ज नॉर्टनला पूल गाठला तेव्हा काका म्हणाले, "तुम्ही दोघी बघून या. माझे पाय अवघडलेत." आम्ही दोघी पुलावर गेलो आणि खाली बघितलं. नाव नुकतीच पुलाखालून पुढे गेली होती. ज्यांनी नॅरोबोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: आगगाडीचा एक डबा अरुंद करून पाण्यात ठेवावा तशी ती दिसते, आणि चालवणारा अगदी मागच्या टोकाला उभा राहतो. त्या टोकावर, आमच्याकडे पाठ करून, डोक्याला टोपी घातलेली एक मुलगी उभी होती. एक हात सुकाणूच्या दांड्यावर, दुसरा कमरेवर.

काकूंनी कठडा धरला. "तीच," त्या म्हणाल्या. "अशीच उभी राहते. शाळेच्या रांगेतसुद्धा अशीच उभी राहायची."

"हाक मारा, काकू. अजून ऐकू जाईल."

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. "निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये."

सांगलीपासून इथवर आलेली बाई, लेक समोर, आणि मागून हाक मारू नये म्हणून गप्प. मग मीच ओरडले. "एक्स्क्यूज मी" असं ओरडले. पुलावरून जाणाऱ्या तीन माणसांनी मला "सॉरी" म्हटलं. नाव वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

पुढे बोगदा होता. या कालव्यावरचा हा सगळ्यात लांब बोगदा, सबंध टेकडीखालून जातो. आत काठाची पायवाटसुद्धा नाही. आत शिरलेली नाव अर्ध्यापाऊण तासाने पलीकडे होपवुडला बाहेर येते. आता निदान एक गोष्ट नक्की होती. हॉटेल टेकडीच्या पोटात होतं आणि त्याला बाहेर यायला एकच दार होतं.

होपवुडच्या पुलाशी मी गाडी लावली. तिथे पब आहे, बाहेर बाकं आहेत. काकूंचे गुडघे दुखत होते. त्यांना बाकावर बसवलं, समोर चहा ठेवला. बोगद्याचं तोंड तिथून थोडं मागे, पायवाटेने चालत जाण्याच्या अंतरावर. काका म्हणाले, "मी बोगदा बघून येतो." काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुकाट्याने काकांबरोबर निघाले. प्रायव्हेट हायरच्या नियमात प्रवाशाबरोबर चालत जाण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये तपकिरी पाणी, आणि समोर विटांची कमान. कमानीच्या आत काळोख. काका तिथे एका दगडावर बसले. मला वाटलं विटकाम बघताहेत.

"ताई," ते म्हणाले, "त्या जलसेतूखाली मी उगाच थांबलो. गळतीबिळती काही बघत नव्हतो."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"विमानतळावर साळुंख्यांची पाटी बघितली तेव्हाच कळलं. हिला वाटतं मला काही कळत नाही. कुकर लावून बोलते. अहो, आम्ही दोन माणसं. दोन माणसांना किती शिट्यांचा भात लागतो?"

"मग थांबलात का?"

"एवढ्या लांब आलो. आता गाठ पडणार म्हटल्यावर काय बोलायचं ते जुळेना. वाटलं, थोडा उशीर झाला तर सुचेल."

"सुचलं का?"

"नाही." मग थोड्या वेळाने, "हिला सांगू नका मला माहीत होतं म्हणून. तिने एवढं सगळं जमवलंय."

म्हणजे आता दोघांची गुपितं माझ्याकडे होती आणि ती एकमेकांपासून लपवायची होती. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीत लोक छत्र्या विसरले, फोन विसरले, एकजण दातांची कवळी विसरला होता. ते सगळं परत करता आलं. हे कोणाला परत करणार?

बोगद्यात आधी इंजिनाचा आवाज झाला, टकटक, टकटक. मग दिवा दिसला. मग नाव बाहेर यायला लागली. पुढचं टोक आलं, त्यावर जिरेनियमच्या कुंड्या, बाजूला पिवळ्या इंग्रजी अक्षरांत नाव: कृष्णा.

"इकडच्या लोकांना वाटत असेल देवाचं नाव आहे," मी म्हटलं.

"नदीचं आहे," काका म्हणाले. ते उभे राहिले होते.

नाव संपता संपेना. एक खिडकी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या खिडकीत एक इंग्लिश गृहस्थ चहाचा कप घेऊन बसले होते, त्यांनी आम्हाला हात केला. काकांनीही हात केला. मग आणखी खिडक्या. आणि सगळ्यात शेवटी, काळोखातून उजेडात, ऋता. अंगात रेनकोट, टोपीवरून पाणी ठिबकतंय, उजेडाने डोळे बारीक झालेले. तिने आधी मला बघितलं. मग माझ्या शेजारी बघितलं.

नावेला ब्रेक नसतो. मागे घ्यायचं इंजिन असतं, पण बोगद्याच्या तोंडाशी ते केलं तर मागचं टोक भिंतीवर जातं, असं म्हणे. त्यामुळे ती थांबू शकली नाही. नाव तशीच पुढे सरकत राहिली. काका पायवाटेवरून तिच्या बरोबरीने चालू लागले. वेग दोघांचा सारखाच होता. मी मागे दहाबारा पावलांवर.

झाडांची एक रांग मागे पडली. मग काकांनी विचारलं, "पाणी किती आहे?"

"चार फूट," ऋता म्हणाली. "कडेला कमी."

आणखी थोडं चालणं झालं.

"म्हणजे पडलं तरी डोकं वर राहतं."

"हो, अप्पा."

"पडली होतीस का?"

"दोनदा."

"मग?"

"मग उभी राहिले."

काकांनी मान हलवली. कामाच्या ठिकाणी एखादं उत्तर पटलं की हलवत असतील तशी.

"तुम्ही इथे कसे, अप्पा?"

"माझं बुकिंग आहे," काका म्हणाले. "साळुंखे."

ऋताने तोंड फिरवलं आणि रेनकोटच्या बाहीने चेहरा पुसला. पुसला, पुन्हा पुसला. "बोगद्यात फार पाणी गळतं," ती म्हणाली.

"गळणारच," काका म्हणाले. "जुनं विटकाम आहे."

असे ते दोघं पुलापर्यंत आले, एक पाण्यावरून आणि एक जमिनीवरून, मध्ये हातभर अंतर. पुलाशी काकू उभ्या होत्या. ग्वेनने मला दोर फेकला. मी तो पकडला आणि पुढे काय करायचं ते न कळून छातीशी धरून उभी राहिले. नंतर ग्वेननेच येऊन तो खुंट्याला बांधला.

त्यानंतर जे झालं त्याची, दोघांची गुपितं माहीत असलेली, मी एकटीच साक्षीदार होते म्हणून लिहून ठेवते. काकू दोन्ही हात गालांवर नेऊन म्हणाल्या, "अगंबाई, ऋता? तू इथे?" काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, "अगं, बघ ना. काय योगायोग." काकू म्हणाल्या, "कमालच झाली." काका म्हणाले, "एवढ्या मोठ्या देशात." दोघांनाही नाटक अजिबात जमत नव्हतं आणि दोघांनीही ते एकमेकांचं खरं मानलं. ऋता एकदा आईकडे आणि एकदा अप्पांकडे बघत होती. मग काकूंनी तिची टोपी काढली, ओल्या केसांवरून हात फिरवला, आणि तिथे नाटक संपलं.

ग्वेन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हेच मिस्टर साळुंखे का?"

"हो आणि नाही," मी म्हटलं. तिने विचारायचं सोडून दिलं. नर्सला कुठे थांबायचं ते कळतं.

मी बॅगा आणून दिल्या. ऋता म्हणाली, "ताई, आत या ना, चहा घ्या. आपल्याकडचा, आलं घातलेला." मला जायचं होतं. इतकी वर्षं मी माणसांना कालव्याकाठी सोडत आले, पण स्वतः एकदाही नावेत पाऊल टाकलं नव्हतं. पण ऑफिसचा फोन वाजत होता, विमानतळावर पुढचा माणूस उतरला होता. नाही म्हटलं. त्या चहाची खंत अजून आहे. आमच्या धंद्यात माणसांचा प्रवास सुरू होतो तिथेच आपलं काम संपतं आणि त्यांना दारात सोडून निघावं लागतं.

गाडीशी येऊन मी पुलावरून एकदा खाली बघितलं. दोर सोडला होता, नाव कडेपासून सुटत होती. काकू कुंड्यांपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मागच्या टोकाला बापलेक. काकांनी दांडा हातात घेतला होता.

"उलटा चालतो, अप्पा," ऋता सांगत होती. "डावीकडे जायचं असेल तर उजवीकडे ढकलायचा."

"असं कोणी डिझाइन केलं?"

"तुम्ही ढकला तर खरं."

काकांनी ढकलला. जी योग्य वाटली त्या बाजूला ढकलला. नावेचं पुढचं टोक संथपणे वळलं आणि काठाच्या लव्हाळ्यात घुसलं. मागचं टोक समोरच्या काठाला टेकलं. सबंध हॉटेल कालव्यात आडवं झालं, त्याच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे पाणी. चहाचा कप घेतलेले गृहस्थ खिडकीतून बाहेर डोकावले. ग्वेन लांब बांबू घेऊन टपावर चढली. काका तिला मराठीतून सूचना देऊ लागले: "अहो बाई, तिकडून नको, इकडून रेटा." आणि ती कार्डिफची बाई "राइट यू आर" म्हणत बरोबर तिथेच रेटू लागली. पलीकडून दुसरी एक नाव आली आणि वाट नाही म्हणून थांबली. तिचा मालक हाताची घडी घालून उभा राहिला.

ऋता यातलं काहीच करत नव्हती. बापाच्या शेजारी उभी होती, एक हात कमरेवर. दांडा तिने त्यांच्या हातातून घेतला नाही.